उशीर झालेला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट हाती घेताना: पहिल्या दिवसापासून काय करायचं

प्रोजेक्ट ठरलेल्या तारखेच्या बराच पुढे गेलेला असतो. "आता ही शेवटची" म्हणून दिलेली तारीखही हुकलेली असते. आधीचा मॅनेजर दुसरीकडे गेलेला असतो आणि एका सकाळी तुम्हाला सांगितलं जातं, "आता हे तुम्ही बघा." हा लेख अशा वेळी समोर कागद घेऊन बसलेल्या माणसासाठी आहे. मी डेव्हलपर म्हणून अशा प्रोजेक्टमध्ये राबलो आहे आणि नंतर ते सावरण्याचं कामही केलं आहे. दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते इथे क्रमाने मांडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: अडकलेल्या प्रोजेक्टमध्ये मेहनत भरपूर चाललेली असते. पण प्रोजेक्ट आज नेमका कुठे उभा आहे, हे एकाही माणसाला पूर्ण ठाऊक नसतं, आणि ज्यांना तुकड्यातुकड्याने ठाऊक असतं त्यांना ते मोकळेपणाने बोलता येत नाही. म्हणून आधी खरी स्थिती बाहेर काढायची, मग काम कमी करायचं, आणि वेगाचा विचार त्यानंतर. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात.

पहिल्या मीटिंगमध्ये तारीख देऊ नका

"मग कधी होईल?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी येणार. त्याला उत्साहाने उत्तर दिलंत, तर हुकलेल्या तारखांच्या यादीत आणखी एक तारीख जमा होईल आणि ती तुमच्या नावावर असेल. त्याऐवजी वेळ मागा, पण नेमक्या शब्दांत: "मला दोन आठवडे द्या. त्यानंतर आज काय खरोखर चालतं, काय उरलंय, आणि कोणत्या पर्यायाला किती वेळ लागेल, हे तिन्ही मी लिहून देतो. तोपर्यंत दर शुक्रवारी जे कळलं ते मेलवर कळवत राहीन."

शुक्रवारचा मेल चुकवू नका. वेळ मागून गप्प बसलेल्या माणसाबद्दल वरच्या लोकांना धास्ती वाटते आणि मग रोज कुणीतरी टीमच्या डोक्यावर येऊन उभं राहतं.

त्याच मीटिंगमध्ये तुम्हीही दोन प्रश्न विचारा. पहिला: तारीख हुकली तर नक्की काय बिघडतं? करारात दंड आहे, कायद्याने ठरलेली मुदत आहे, जुन्या सिस्टिमचं लायसन्स संपतंय, की कुणीतरी एका प्रेझेंटेशनमध्ये तारीख टाकली म्हणून ती चिकटली? या चारांपैकी शेवटचं कारण निघालं तर तुमच्याकडे बरीच मोकळीक आहे. दुसरा प्रश्न: एखादं फीचर वगळायचं की ठेवायचं, याचा शेवटचा निर्णय कोणाचा? उत्तर एकाच व्यक्तीचं नाव असलं पाहिजे. "आम्ही सगळे मिळून ठरवतो" असं उत्तर आलं, तर प्रोजेक्ट का रखडला याचं निम्मं कारण तुम्हाला तिथेच मिळालं.

प्रत्येकाशी एकट्याने बोला

पहिल्या आठवड्याचा मोठा भाग यातच जाऊ द्या. टीमच्या सामूहिक मीटिंगमध्ये लोक सावध बोलतात. एकेकट्याशी अर्धा-पाऊण तास बसलात तर वेगळंच चित्र दिसतं. डेव्हलपरपुरतं थांबू नका. टेस्टर, सर्व्हर सांभाळणारे आणि ग्राहकांचे फोन घेणारे सपोर्टचे लोक यांच्याकडे बहुधा सगळ्यात ताजी माहिती असते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मी साधारण हे प्रश्न विचारतो. या सिस्टिमचा कोणता भाग नीट चालतो? कोणत्या फाइलला किंवा मॉड्यूलला हात लावायला भीती वाटते? गेल्या महिन्यात तुझा सगळ्यात जास्त वेळ कशाची वाट बघण्यात गेला? सध्याची तारीख पाळली जाईल असं तुला वाटतं का? आणि तुझ्या हातात असतं तर उद्यापासून कोणती एक गोष्ट बदलली असतीस?

तारखेचा प्रश्न टाळू नका. दहापैकी आठ जण शांतपणे "नाही" म्हणतात आणि वर जाणाऱ्या रिपोर्टमध्ये मात्र स्थिती "वेळापत्रकाप्रमाणे" असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. हा खोटेपणा कुणी ठरवून केलेला नसतो. डेव्हलपर म्हणतो, "जरा अवघड आहे." लीड लिहितो, "थोडी जोखीम आहे." मॅनेजर पुढे पाठवतो, "प्रयत्न सुरू आहेत." प्रत्येक पायरीवर बातमी थोडी गोड होत जाते.

या बोलण्यातलं काहीही नाव घेऊन बाहेर सांगायचं नाही. "अमुक म्हणाला की डेटाबेसचं डिझाइन चुकलंय" असं एकदा जरी तुमच्या तोंडून गेलं, तरी पुढचे सहा महिने तुम्हाला फक्त गोड बातम्याच ऐकायला मिळतील.

सांगितलेलं बाजूला ठेवून स्वतः चालवून बघा

नव्या लॅपटॉपवर किंवा कोऱ्या व्हर्च्युअल मशिनवर कोड घ्या आणि लिहिलेल्या सूचनांनुसार प्रोजेक्ट उभा करा. अर्ध्या दिवसात झालं तर उत्तम. तीन दिवस लागले आणि वाटेत चार जणांना विचारावं लागलं, तर टीममध्ये नवा माणूस आला की काय होतं ते तुम्हाला कळलं. मग एक अगदी क्षुल्लक बदल करा, म्हणजे स्क्रीनवरचा एखादा शब्द, आणि तो प्रॉडक्शनपर्यंत, म्हणजे लोक खरोखर वापरतात त्या सिस्टिमपर्यंत, कसा पोहोचतो ते बघा. किती परवानग्या, किती हाताने करायच्या पायऱ्या, किती तास. एका शब्दाला आठवडा लागत असेल, तर मोठ्या फीचरच्या अंदाजांना काही अर्थ नाही.

बॅकअप आहे का, हे विचारून थांबू नका. तो रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, दाखवायला सांगा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चुकून प्रॉडक्शन डेटाबेसचा डेटा पुसला गेला. कागदावर बॅकअपच्या अनेक सोयी होत्या. प्रत्यक्षात डेटाबेसचे नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते, आणि ते अपयशी होत असल्याचे मेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून बरंचसं वाचलं, पण त्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये रिस्टोअर कधीच करून पाहिलेलं नसेल, तर बॅकअप नाही असंच धरून चाला.

डेप्लॉयमेंटकडेही, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर टाकण्याच्या कामाकडेही, तसंच बारकाईने बघा. नाइट कॅपिटल या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीने २०१२ मध्ये नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता तो सातांवरच टाकला. आठव्यावर अनेक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या फीचरसाठी जो फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता त्याने तोच जुना कोड जागा केला. १ ऑगस्टच्या सकाळी सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. डेप्लॉय पूर्ण झालं का, हे दुसऱ्या माणसाने तपासण्याची लेखी पद्धत नव्हती. मेलेला कोड काढून टाकणं, जुने फ्लॅग नव्या अर्थाने न वापरणं आणि डेप्लॉयची लेखी चेकलिस्ट ही कामं कंटाळवाणी वाटतात, पण माझ्या यादीत ती नेहमी वर असतात.

सिस्टिम आधीच लोकांच्या वापरात असेल, तर ती आतून कशी चालली आहे हे दिसतं का, तेही बघा. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेची आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झाली आणि कोसळली. पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. नंतर आलेल्या मदतीच्या टीमला आढळलं की संपूर्ण सिस्टिमवर एकत्र नजर ठेवायची सोयच नव्हती. त्यांनी अगदी सुरुवातीला जी कामं केली त्यात मॉनिटरिंग बसवणं आणि रोज ठरलेल्या वेळी सगळ्या कंत्राटदारांना एकत्र बसवून अडथळे सोडवणं ही होती. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत साइट बहुतेकांना वापरता येऊ लागली. आधी दिसू लागलं, म्हणून दुरुस्त करता आलं.

"९० टक्के झालंय" हे वाक्य बंद करा

टक्के हे भावनेचं माप आहे. नव्वदवर अडकलेलं काम आठवडेच्या आठवडे नव्वदवरच राहतं. त्याऐवजी कामाच्या दोनच अवस्था ठेवा: झालं किंवा नाही झालं. "झालं" म्हणजे काय, हे टीमसोबत बसून ठरवा आणि सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा. मला चालणारी व्याख्या अशी: कोड मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, मर्ज झालाय, लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी तो वाचलाय, टेस्ट पास झाल्यात, प्रॉडक्शनसारख्या एन्व्हायर्नमेंटवर तो चालतोय, आणि ज्याने मागितलं होतं त्याने बघून होकार दिलाय.

ही व्याख्या लावली की "झालेल्या" कामांची यादी पहिल्या दिवशी भयंकर आकसते. होऊ द्या. टीमला आधीच सांगून ठेवा की यावरून कुणाचीही हजेरी घेतली जाणार नाही, आणि तो शब्द पाळा.

मग उरलेलं सगळं काम एका यादीत आणा. एक्सेलमधलं, मेलमधलं, कुणाच्या वहीतलं, "ते आपण नंतर करू" म्हणून तोंडी ठरलेलं. डेटा मायग्रेशन (जुन्या सिस्टिममधला डेटा नव्यात आणणं), लोड टेस्टिंग (एकाच वेळी खूप लोक आले तर सिस्टिम टिकते का ते बघणं), सिक्युरिटी तपासणी, वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण ही कामं हमखास यादीबाहेर राहिलेली असतात, म्हणून त्यांच्याबद्दल नाव घेऊन विचारा.

एका वेळी सुरू असलेली कामं कमी करा

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेसंबंधीचा एक नियम गणिताने सिद्ध केला. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा: एका कामाला सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात असलेली कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं. टीमने ३० कामं एकाच वेळी उघडून ठेवली असतील आणि आठवड्याला ३ संपत असतील, तर एक काम सरासरी दहा आठवडे रेंगाळतं. वेग तेवढाच ठेवून उघडी कामं ९ वर आणलीत, तर तेच काम तीन आठवड्यांत बाहेर पडतं. माणूस वाढवलेला नाही, कुणाला रात्री थांबवलेलं नाही.

प्रत्यक्षात करायचं असं: माणशी एक काम, फार तर दोन. तिसरं सुरू करण्याआधी अडकलेलं कुणाचं तरी काम सोडवायला मदत करायची. सुरुवातीला लोकांना रिकामं बसल्यासारखं वाटतं आणि तुमच्या वरिष्ठांनाही तसंच दिसतं. या टप्प्यावर टिकून राहा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कामं संपताना दिसू लागतात, आणि संपलेलं काम बघून टीममध्ये जो जीव येतो तो कुठल्याही भाषणाने येत नाही.

वगळण्याची बैठक

प्रोजेक्ट वाचतो तो बहुतेकदा याच बैठकीत. निर्णयाचा अधिकार असलेली ती एक व्यक्ती, प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपैकी एक-दोघं, आणि कोड ओळखणारा एक डेव्हलपर, एवढेच लोक बोलवा. यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावा: "पहिल्या दिवशी हे नसेल, तर कुणाचं काम थांबेल?" "असलं तर बरं" हे उत्तर आलं की ती ओळ दुसऱ्या टप्प्यात.

काय सहज वगळता येतं, याचा मला आलेला अनुभव असा. पाच प्रकारच्या फॉरमॅटमधले रिपोर्ट: एक पुरतो. वर्षातून दोनदा बदलणाऱ्या सेटिंगसाठी खास ॲडमिन स्क्रीन: तपासलेली स्क्रिप्ट चालते. दहा वर्षांचा जुना इतिहास नव्या सिस्टिममध्ये आणणं: जुनी सिस्टिम फक्त वाचण्यापुरती सुरू ठेवता येते. वीस प्रकारच्या परवानग्या: सुरुवातीला तीन भूमिका भागतात.

काय वगळू नये: लॉगिनची सुरक्षा, लॉग (सिस्टिममध्ये काय घडलं याच्या नोंदी), बॅकअप, मागच्या व्हर्जनवर परत जाण्याची सोय, आणि मायग्रेशनची किमान एक पूर्ण रंगीत तालीम. दडपणाखाली सगळ्यात आधी यांच्यावरच कात्री चालते, कारण डेमोमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

याच सुमारास टीममधून एक सूचना येते: "हा कोड सुधारण्यापलीकडे गेलाय, नव्याने लिहूया." ती प्रामाणिक असते, आणि कोड खरंच वाईट असतो. तरी उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माझं उत्तर जवळजवळ नेहमी नकाराचं असतं. नेटस्केपने आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. १९९७ च्या चौथ्या व्हर्जननंतर पुढचं मोठं व्हर्जन, सहावं, २०००च्या शेवटी आलं. मधल्या काळात बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला. ब्राउझर मागे पडायला इतरही कारणं होती, पण तीन वर्षं नवं काही हातात नसणं त्यांना महागात पडलं. जुन्या विचित्र कोडमध्ये वर्षानुवर्षांच्या बगची उत्तरं दडलेली असतात, आणि नव्याने लिहिताना ती सगळी पुन्हा शोधावी लागतात. फार तर सगळ्यात त्रासदायक एक मॉड्यूल निवडा, त्याभोवती टेस्ट लिहा आणि तेवढंच बदला.

जादा माणसं मिळत असतील तर

वरून मदतीचा हात येतो तो बहुधा याच स्वरूपात: "आणखी पाच डेव्हलपर देतो." आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रोजेक्टचं व्यवस्थापन केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो, आणि बोलण्याच्या जोड्या वाढतात: पाच जणांमध्ये १०, दहा जणांमध्ये ४५.

मदत सरळ नाकारू नका, ती वळवा. पूर्वी याच कोडवर काम केलेला एखादा माणूस परत मिळतो का, विचारा. टेस्टसाठी डेटा तयार करणं, डेप्लॉयमेंट ऑटोमॅटिक करणं, सपोर्टचे प्रश्न हाताळणं अशी कोडच्या गाभ्याशी न भिडणारी कामं नव्यांना द्या.

आता तारीख द्या, पण पल्ला म्हणून

दोन-तीन आठवडे झाले की तुमच्याकडे खरा वेग असतो. समजा वगळून ४० कामं उरली आणि टीम आठवड्याला ३ ते ६ कामं पूर्ण करते. म्हणजे ७ ते १४ आठवडे. त्यावर, पुढे नवीन सापडणाऱ्या कामांची भर धरा. ती नेहमीच पडते. हा पल्ला तसाच सांगा. मधला आकडा काढून सांगू नका, कारण ऐकणारा तो तारीख म्हणून लिहून घेतो.

"दहा आठवड्यांत बसवा" असा दबाव येईल. तेव्हा वेग वाढवायचं वचन न देता यादी पुढे सरकवा: "दहा आठवडे नक्की हवे असतील तर यातली कोणती बारा कामं काढायची, ते आपण आत्ता ठरवू." वाद तुमच्या क्षमतेवरून यादीवर येतो, आणि तो तिथेच असायला हवा.

त्यानंतर दर आठवड्याला चालणारं सॉफ्टवेअर दाखवा. स्लाइड नकोत. वापरणाऱ्याला माउस हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. साप्ताहिक रिपोर्ट एका पानाचा पुरे: या आठवड्यात काय पूर्ण झालं, काय ठरलं होतं पण झालं नाही, उरलेल्या कामांचा आकडा, नवा पल्ला, आणि कोणाकडून कोणता निर्णय कधीपर्यंत हवा आहे. वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहा.

माणसं

यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर.

शनिवार-रविवारचं काम. खरी निकड असेल तर एखादा आठवडा मागता येतो, तोही शेवटचा दिवस आधी सांगून आणि बदली सुट्टी त्याच वेळी नक्की करून. महिनोन्‌महिने चाललेलं जागरण प्रोजेक्टला पुढे नेत नाही. थकलेल्या माणसाने रात्री अकराला मर्ज केलेला बग शोधायला ताज्या माणसाचे दोन दिवस जातात.

सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर त्याला डॉक्युमेंट लिहायला बसवू नका. त्याच्या मॉड्यूलमधले पुढचे काही बग दुसऱ्याने सोडवायचे, कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात, आणि जाणकार शेजारी बसलेला. शिकणाऱ्याने स्वतःसाठी टिपणं काढायची. ती टिपणं पुढे खरंच वाचली जातात.

हुशार, पण ज्याच्या रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचून दिलेल्या शेऱ्यांची, सगळ्यांना धास्ती असते असा एक जण बऱ्याच टीममध्ये असतो. त्याच्याशी एकांतात आणि घडलेल्या गोष्टीबद्दलच बोला: "मंगळवारच्या रिव्ह्यूत तू लिहिलंस, 'हे वाचण्याच्या लायकीचं नाही.' तू दाखवलेली चूक बरोबर होती. पण जिचा तो कोड होता, तिने त्यानंतर दोन दिवस कोड टाकलाच नाही. चूक दाखवत राहा, ही भाषा मात्र पुढच्या रिव्ह्यूपासून नको." "तुझा ॲटिट्यूड बदल" असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यातून नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

एखाद्याचं काम होत नसेल, तर आधी स्वतः तपासा: त्याला काय करायचं ते स्पष्ट होतं का, लागणारी माहिती आणि ॲक्सेस होता का, तो आणखी कुणाच्या तरी कामात ओढला जात होता का. ही तिन्ही उत्तरं ठीक असूनही अडचण असेल, तर लवकर आणि सरळ सांगा. अप्रेझलच्या दिवशी पहिल्यांदा कळणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

प्रॉडक्शनमध्ये काही मोडलं, तर आधी सुरळीत करा आणि दुसऱ्या दिवशी बसा. "कोणी केलं?" हा प्रश्न खोलीत आला की पुढची चूक लपवली जाते. "एका कमांडने एवढं मोडू शकलं, ते कशामुळे?" असा विचारलात तर दुरुस्त करण्याजोगं काहीतरी हाती लागतं.

प्रोजेक्ट थांबवावा असं वाटलं तर

कधीकधी दोन आठवड्यांच्या तपासणीतून हेच उत्तर निघतं. ज्यांच्यासाठी बनवतोय त्यांची गरज संपलेली असते, किंवा बाजारात मिळणारं तयार सॉफ्टवेअर उरलेल्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं. तेव्हा आजवर किती खर्च झाला हे मोजत बसू नका. इथून पुढे किती लागेल आणि त्यातून काय मिळेल, एवढेच दोन आकडे मांडा आणि निर्णय अधिकार असलेल्या माणसाकडून लेखी घ्या.

थांबवायचं ठरलं, तर जाहीर होण्याआधी टीमला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, आणि प्रत्येक जण पुढे कुठल्या कामावर जाणार हे शक्य तितकं त्याच बैठकीत सांगता आलं पाहिजे. कोड, डेटा आणि पासवर्ड कुठे आहेत ते लिहून ठेवा. या सिस्टिमच्या भरवशावर बेत केलेल्या बाकीच्या टीमना नावानिशी कळवा. सुरू असलेले सर्व्हर आणि लायसन्स बंद करण्याची जबाबदारी एका माणसाकडे, तारखेसह द्या.